तासाभरात लिहिलेलं, सोळा आठवडे न उठलेलं गाणं

१९९१ च्या जुलैत ब्रिटनमध्ये एक गाणं विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं आणि ऑक्टोबर संपत आला तरी उठेना. उन्हाळ्याची सुट्टी लागली, संपली, शाळा सुरू झाल्या, थंडीची चाहूल लागली. दर रविवारी रेडिओवर यादी वाचली जायची आणि सगळ्यात शेवटी तेच गाणं वाजायचं. सलग १६ आठवडे. त्याआधीचा सलग आठवड्यांचा विक्रम ११ चा होता, स्लिम व्हिटमनच्या 'रोझ मरी'चा, आणि तोही १९५५ सालचा. नवा विक्रम आजही तसाच उभा आहे. शेवटी यू-टू या आयरिश बँडच्या 'द फ्लाय'ने त्याला खाली ओढलं, तेव्हा बऱ्याच जणांनी सुटकेचा श्वास सोडला असेल.

गाणं ब्रायन अ‍ॅडम्सचं, 'एव्हरीथिंग आय डू, आय डू इट फॉर यू'. नाव ओळखीचं वाटलं नाही तरी चाल नक्की ओळखीची निघेल. ते लिहिलं गेलं 'रॉबिन हूड: प्रिन्स ऑफ थीव्ह्ज' या हॉलिवूडच्या चित्रपटासाठी. म्हणजे हे स्फूर्तीने आपोआप झालेलं गाणं नव्हे, ऑर्डरीचं काम होतं. चाल दुसऱ्याने दिलेली, विषय ठरलेला, तारीख डोक्यावर. आणि ज्यांनी ऑर्डर दिली त्यांनाच तयार माल पसंत पडला नव्हता.

अशा गाण्यांना रॉक बॅलड म्हणतात. मराठी शब्दकोशात बॅलडला 'पोवाडा' असा प्रतिशब्द मिळतो, तो इथे सरळ विसरून जा. पोवाड्यात गोष्ट असते, वीर असतो, प्रसंग असतात. रॉक बॅलडमध्ये गोष्ट जवळजवळ नसतेच. एकच भावना असते आणि गाणं ती हळूहळू तापवत नेतं. सुरुवातीला पियानो आणि एकटा आवाज. मग मागे तंतुवाद्यांची किंवा कीबोर्डची साय धरते. ड्रम्स पुरते अंगावर यायला वेळ घेतात. मध्ये एक वळण येतं, त्यानंतर इलेक्ट्रिक गिटार शब्दांशिवाय तेच म्हणणं पुढे नेते, आणि मग गायक आतापर्यंत राखून ठेवलेला वरचा आवाज काढतो. संथ लयीत वजन वाढवत नेणं ही यातली मेख. लय वाढवून रंग भरण्याची आपल्याला सवय आहे. इथे लय आहे तिथेच राहते आणि फक्त भार वाढतो.

आता माणसं बघू, कारण या गाण्याचं अर्धं उत्तर त्यांच्यात आहे.

चित्रपटाचं पार्श्वसंगीत मायकेल केमनकडे होतं. न्यूयॉर्कचा हा संगीतकार जुलियार्ड या नामांकित संस्थेत ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य शिकलेला. तरुणपणी त्याने अभिजात वाद्यं आणि रॉक एकत्र करणारा बँड काढला होता. पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या 'द वॉल' अल्बममधल्या वाद्यवृंदाच्या कामात त्याचा हात होता. 'डाय हार्ड' आणि 'लेथल वेपन' या मारधाडीच्या चित्रपटांचं संगीत त्याचं. पुढे १९९९ मध्ये मेटालिकासारख्या दणदणाटी बँडला सॅन फ्रान्सिस्कोच्या सिंफनी वाद्यवृंदासोबत उभं करणाराही तोच. म्हणजे व्हायोलिनवाले आणि गिटारवाले अशा दोन्ही घरांत त्याची ऊठबस.

दुसरा रॉबर्ट जॉन लँग, ज्याला सगळे 'मट' म्हणतात. जन्म आजच्या झांबियातला, वाढला दक्षिण आफ्रिकेत. रेकॉर्ड निर्माता म्हणून त्याचं नाव एसी-डीसी या रॉक बँडच्या 'बॅक इन ब्लॅक'वर आहे आणि डेफ लेपर्ड या दुसऱ्या बँडच्या 'हिस्टेरिया'वरही. दोन्ही अल्बम कोट्यवधींनी खपले. लँगची ख्याती अशी की तो एकेका ओळीवर रंधा मारत बसतो. मागचे आवाज थरावर थर चढवतो, कोरस असा घासूनपुसून घेतो की पहिल्यांदा ऐकतानाच तो आधी कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो.

आणि तिसरा अ‍ॅडम्स, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात जन्मलेला, जीन्स आणि पांढरा टी-शर्ट घालून साधी सरळ रॉक गाणी म्हणणारा. त्याचा आवाज घोगरा, कडेला खरखर असलेला. प्रेमगीतात ही खरखर फार कामाची. गोड आवाजाने तेच शब्द म्हटले असते तर ते गुळमट झाले असते. त्याच्याबाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चित्रपटासाठी गाणं देणं त्याला नवं नव्हतं. १९८३ मध्ये 'अ नाइट इन हेवन' नावाचा चित्रपट आला आणि पडला. त्यातलं त्याचं 'हेवन' हे गाणं मात्र नंतर त्याच्या 'रेकलेस' अल्बममध्ये आलं आणि १९८५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. चित्रपट बुडाला तरी गाणं पोहू शकतं, हे त्याने एकदा पाहिलं होतं.

अ‍ॅडम्स आणि लँग तेव्हा लंडनमध्ये अ‍ॅडम्सच्या नव्या अल्बमवर काम करत होते. केमनची सुरावट त्यांच्याकडे आली. चित्रपटात ती नायिकेची, म्हणजे मॅरियनची धून आहे. चित्रपटातल्या एका संवादातले शब्द त्यांनी उचलले आणि तेच मुखड्याचं घोषवाक्य केलं. त्या सुरावटीचं बोट धरून बाकीचं गाणं दोघांनी रचलं, तेही तासाभराच्या आत, असं अ‍ॅडम्सने पुढे सांगितलं आहे. म्हणून श्रेय तिघांच्या नावावर आहे.

तासाभरात गाणं होतं यात आपल्याकडच्या वाचकाला फारसं नवल वाटू नये. आधी चाल, मग त्या मापाचे शब्द, ही आपल्या चित्रपटगीतांची जुनीच रीत. डमी शब्दांवर गुणगुणलेली चाल गीतकारापुढे ठेवायची आणि त्याने चहा थंड व्हायच्या आत मुखडा द्यायचा, असे किस्से आपण ऐकत आलो आहोत. रॉकच्या जगात मात्र गायकाने आपलं स्वतःचंच काही सांगावं अशी अपेक्षा असते. तिथे दुसऱ्याच्या चालीवर, दुसऱ्याच्या कथेसाठी लिहिणं म्हणजे थोडं खालच्या पायरीचं काम समजलं जाई. मला स्वतःला हा सोवळेपणा कधी पटला नाही. माप ठरलेलं असलं की शिंपी वाईट कपडा शिवतो असं थोडंच आहे?

गाणं तयार झालं आणि चित्रपटवाल्यांनी नाक मुरडलं. त्यांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. कथा बाराव्या शतकातली. क्रुसेडच्या युद्धातून परतलेला सरदार, शेरवुडचं जंगल, धनुष्यबाण, किल्ले. त्यात पियानो, ड्रम्स आणि इलेक्ट्रिक गिटार कुठून आली? त्यांना हवी होती ल्यूट आणि मँडोलिनसारखी जुन्या वळणाची वाद्यं, त्या काळाचा वास असलेलं काहीतरी. अ‍ॅडम्स आणि लँग बधले नाहीत. शेवटी गाणं गेलं चित्रपट संपल्यावर, पडद्यावर नावं सरकत असताना.

इथे जरा थांबायला हवं, कारण हा भाग आपल्या सवयीपेक्षा वेगळा आहे. आपल्या चित्रपटात गाणं कथेच्या पोटात असतं. नायक-नायिका ते गातात, ओठ हलवतात, आणि ते गाणं त्या प्रसंगाला कायमचं चिकटतं. हॉलिवूडच्या गंभीर किंवा साहसपटात पात्रं गात नाहीत. मग लोकप्रिय गाणं बसवायला जागा उरते ती श्रेयनामावलीची, जेव्हा अर्धे लोक उठून दाराकडे निघालेले असतात. वरवर पाहता हे बाहेरच्या ओसरीत बसवणंच झालं. पण व्यवहार असा की चित्रपट लागण्याच्या आसपास गाणं रेडिओवर आणि टीव्हीवर जातं. व्हिडिओत मधूनमधून चित्रपटातली दृश्यं पेरलेली असतात, म्हणजे गाण्याच्या नावाखाली चित्रपटाची जाहिरात दिवसातून दहा वेळा होते. उलट चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक शेवटचं जे ऐकतो ते हे गाणं, आणि तो वाटेत कॅसेट विकत घेतो. गाण्याने चित्रपट खपवायचा, चित्रपटाने गाणं. १९८० च्या दशकात संगीताच्या टीव्ही वाहिन्या आल्यापासून हॉलिवूडने हे गणित पक्कं केलं होतं. आज ऑस्करसाठीही मूळ गाणं एकतर चित्रपटाच्या अंगात असावं लागतं किंवा श्रेयनामावली सुरू होताना वाजणारं पहिलं असावं लागतं, इतकी ती जागा महत्त्वाची झाली आहे.

रॉबिन हूडच्या बाबतीत आणखी एक बारीक गोष्ट आहे, आणि माझ्या मते खरी करामत तिथे आहे. केमनने मॅरियनची धून चित्रपटभर वाद्यवृंदात पेरून ठेवली होती. प्रेक्षकाला ती ऐकतोय हे कळतही नाही. तलवारबाजी, खलनायक, विनोद यांत त्याचं लक्ष असतं. पण कान टिपत असतात. शेवटी गाणं सुरू होतं तेव्हा ते नवं वाटतच नाही. चित्रपटवाल्यांना गाणं परकं वाटलं, पण चालीने ते आधीपासून घरातलंच होतं.

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांच्यासाठी थोडं तपशिलात. गाणं काळी एकमध्ये आहे. गिटार शिकणारी पोरं पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा लावतात आणि पांढरी एकच्या, म्हणजे सी मेजरच्या सोप्या आकारात ते वाजवतात. वाजतं ते काळी एकच. चार मात्रांचं संथ चलन. कडव्यांत आणि मुखड्यात नेहमीच्या, शुद्ध स्वरांच्या कॉर्ड्स आहेत. कानाला कुठेही ठेच लागत नाही. मग मधलं वळण येतं, ज्याला तिकडे ब्रिज म्हणतात. तिथे अचानक कोमल निषाद आणि कोमल गंधार यांच्यावर उभ्या कॉर्ड्स येतात. म्हणजे इतका वेळ जे स्वर गाण्यात नव्हतेच, त्यांच्यावर पाऊल पडतं. ओळखीच्या खोलीतून गच्चीवर आल्यासारखं होतं. तिथून गाणं फिरून वर चढतं आणि कीथ स्कॉटच्या गिटारच्या हातात जातं. स्कॉट हा अ‍ॅडम्सचा जुना सोबती. त्याची ही सोलो फार वेगवान नाही, अंगठ्या चमकवणारी नाही. तुम्ही ती तोंडाने गुणगुणू शकता, आणि हीच तिची परीक्षा. त्यानंतर अ‍ॅडम्स परत येतो तो वरच्या पट्टीत, घसा ताणून.

रेडिओवर वाजतं ते रूप चार मिनिटांहून थोडं अधिक आहे. अल्बमवरचं मूळ साडेसहा मिनिटांचं. त्यात शेवटी गिटारला मोकळं रान दिलंय. माझं मत विचाराल तर छोटंच बरं. साडेसहा मिनिटांत जेवण झाल्यावरही यजमान पानावरून उठू देत नाही असं होतं.

शब्दांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गाण्यात रॉबिन नाही, मॅरियन नाही, जंगल नाही, राजा नाही, बाण नाही. 'मी' आणि 'तू' एवढीच पात्रं. समीक्षकांनी याला गुळगुळीत, सांकेतिक म्हणून झोडपलं आणि ते अगदीच चूक नव्हतं. पण याच रिकामेपणामुळे गाणं कुणाच्याही लग्नात बसतं. ल्यूट आणि मँडोलिन लावून, शेरवुडचं नाव घेऊन ते केलं असतं तर ते १९९१ च्या एका चित्रपटाचं स्मृतिचिन्ह होऊन राहिलं असतं. निर्मात्यांची सूचना मानली गेली नाही, हे गाण्याचं मोठं भाग्य.

आता आकड्यांकडे. ब्रिटनमध्ये त्या काळी यादी फक्त विक्रीवर ठरायची. दुकानात जाऊन किती लोकांनी गाण्याची तबकडी, कॅसेट किंवा सीडी विकत घेतली, एवढाच हिशेब. अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत विक्रीबरोबर रेडिओवर किती वाजलं तेही धरलं जाई. तिथे हे गाणं सात आठवडे पहिलं राहिलं आणि १९९१ सालच्या वार्षिक यादीतही अव्वल ठरलं. ब्रिटनमध्ये सोळा आठवडे टिकण्यात चित्रपटाच्या उन्हाळी गर्दीचा वाटा होताच. पण त्यातून एक वेगळंच दुखणंही दिसलं. एखादं गाणं सगळीकडे, सारखं, महिनोन्महिने वाजत राहिलं की आवडणाराही कंटाळतो. १९९४ मध्ये वेट वेट वेट या स्कॉटिश बँडचं 'लव्ह इज ऑल अराउंड' हे, पुन्हा चित्रपटातूनच आलेलं गाणं १५ आठवडे पहिलं राहिलं. त्या बँडने अखेर आपलीच तबकडी बाजारातून मागे घ्यायला लावली. अ‍ॅडम्सचा विक्रम एका आठवड्याने वाचला.

सगळ्यात गमतीदार भांडण मात्र त्याच्या मायदेशी झालं. कॅनडात रेडिओ केंद्रांवर कायद्याने बंधन आहे की ठरावीक प्रमाणात कॅनडाचंच संगीत वाजवलं पाहिजे. त्या काळी हे प्रमाण ३० टक्के होतं. शेजारी अमेरिका असल्यावर अशी कुंपणं घालावी लागतात. गाणं कॅनडाचं कशावरून ठरवायचं? त्यासाठी चार कसोट्या: संगीत, गायक, ध्वनिमुद्रण आणि शब्द. चारांपैकी दोन जमल्या तर गाणं देशी. अ‍ॅडम्सच्या नव्या अल्बममधली गाणी लँगसोबत लिहिलेली, मुद्रण देशाबाहेर. भागीदारीत लिहिलेल्या शब्दांना आणि संगीताला तेव्हाच्या नियमात गुणच नव्हते. उरला फक्त गायक. एकच कसोटी जमली, म्हणून 'वेकिंग अप द नेबर्स' हा अल्बम नियमाने परदेशी ठरला. जगभर कॅनडाचा म्हणून मिरवणारा माणूस घरच्या रेडिओवर पाहुणा झाला. अ‍ॅडम्स चिडला आणि जाहीरपणे बोललाही. पुढे नियमच बदलला: परदेशी साथीदारासोबत लिहिलेल्या गाण्यात कॅनेडियन लेखकाचा वाटा शब्दांत आणि संगीतात निदान निम्मा असेल, तर तेही मोजायचं. एका अल्बममुळे सरकारी नियमावलीत दुरुस्ती झाली, असं संगीतात फार वेळा घडत नाही.

पुरस्कारांचं थोडक्यात. चित्रपटासाठी लिहिलेल्या गाण्याचं ग्रॅमी मिळालं. ऑस्करचं नामांकन होतं, पण त्या वर्षी पाच नामांकनांपैकी तीन एकट्या डिस्नेच्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'ची होती आणि त्याच्याच शीर्षकगीताने बाजी मारली. त्याचे शब्द लिहिणारा हॉवर्ड अ‍ॅशमन निकालाच्या वर्षभर आधीच वारला होता. रॉबिन हूड चित्रपटाचं म्हणाल तर त्याने जगभरात सुमारे ३९ कोटी डॉलर कमावले. खलनायक झालेल्या अ‍ॅलन रिकमनला त्यासाठी ब्रिटनचा बाफ्टा मिळाला आणि नायक केव्हिन कॉस्टनरला सर्वात वाईट अभिनेत्याचा रॅझी. चित्रपट आता कुणी आवर्जून लावत असेल तर बहुधा रिकमनसाठीच.

एकदा जमलेली भट्टी कोण सोडतो? अ‍ॅडम्स, लँग आणि केमन पुन्हा एकत्र आले. १९९३ मध्ये 'द थ्री मस्केटिअर्स'साठी 'ऑल फॉर लव्ह', यात अ‍ॅडम्ससोबत रॉड स्ट्युअर्ट आणि स्टिंग. तीन मस्केटिअर, तीन गायक. कल्पना इतकी उघड की कुणीतरी बैठकीत हसतहसत मांडली असावी. मग १९९५ मध्ये 'डॉन वॉन डिमार्को'साठी 'हॅव यू एव्हर रिअली लव्हड अ वुमन?'. त्यात स्पेनचा थोर फ्लेमेंको वादक पाको दे लुसिया गिटारवर आहे. दोन्ही गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. या शेवटच्या गाण्यात तर कथेच्या मुलखाचा रंग त्यांनी आपणहून घेतला, म्हणजे पहिल्या वेळी निर्मात्यांनी जे मागितलं होतं साधारण तेच. फरक एवढाच की पाको दे लुसियाची गिटार पोशाखी वाटत नाही, ती गाण्याचा कणा आहे. केमन २००३ च्या नोव्हेंबरात गेला, वयाच्या ५५ व्या वर्षी.

मूळ गाणं इतरांनीही गायलं. १९९८ मध्ये ब्रँडी या अमेरिकन गायिकेने आर अँड बी ढंगात. त्याआधी, १९९२ मध्ये, द फातिमा मॅन्शन्स या आयरिश बँडने तर त्याची मोडतोड करून टवाळी केली, आणि ती टवाळीसुद्धा ब्रिटनच्या यादीत वरच्या दहांत गेली. अ‍ॅडम्स स्वतः ते अजून गातो. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या डिसेंबरात तो मुंबईत आला होता. आपल्याकडे नव्वदीत केबल आली, परदेशी संगीतवाहिन्या घरात शिरल्या आणि त्या काळात कॉलेजात असलेल्यांच्या कानात हे गाणं जाऊन बसलं. त्यातल्या किती जणांनी चित्रपट पाहिला होता? माझ्या ओळखीत तरी फार नाहीत. वसतिगृहात गिटार घेऊन बसलेल्याला शेरवुडशी काही देणंघेणं नसायचं, त्याला एफ मेजरची कॉर्ड नीट धरता यावी एवढीच चिंता.

आज ऐकायचं असेल तर एक करून पाहा. आधी केमनच्या पार्श्वसंगीतातली 'मेड मॅरियन' ही रचना लावा, डोळे मिटून, गाण्याचा विचार मनात न आणता. तंतुवाद्यांत ती चाल हळूच डोकं वर काढते, पुरती येत नाही, परत जाते. मग लगेच गाणं लावा, चार मिनिटांचंच.